तुळाजी आणि पोटातली गिरणी

कुरणवाडीत तुळाजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? कुणी म्हटलं, "थांब, आलोच," की हा तिथंच उभा. मग तो माणूस पुण्याला नोकरीला का निघून जाईना.

या तुळाजीला लग्न करायचं होतं. गिरणीवाल्या धोंडिबाची सगुणा त्याच्या मनात भरली होती. नवल म्हणजे तिलाही तो आवडायचा. पण धोंडिबा अडून बसला.

"आधी तुझं कुत्रं बघ," तो म्हणाला. "त्याला धड बसता येत नाही. ज्याला कुत्रं सांभाळता येत नाही त्याला मी लेक द्यायची?"

खरंच होतं ते. तुळाजीच्या झिपऱ्याला शेपटीखाली जखमा झाल्या होत्या. बिचारा बसायला गेला की केकाटत उठायचा. तुळाजीचा जीव तुटायचा. शेवटी तो त्याला घेऊन तालुक्याला, गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाईंनी तपासलं. "अंगातली राखण करणारी ताकदच उलटली आहे. ती अंगालाच चावतेय. हे बाटलीतलं औषध तिला शांत करील. रोज सकाळी रिकाम्या पोटी द्या."

"देतो की," तुळाजी म्हणाला.

सकाळी झिपऱ्यानं दूधभाकरी चापली. तुळाजीनं मात्र चहालाही तोंड लावलं नाही. अगदी रिकाम्या पोटी त्यानं झिपऱ्याला औषध दिलं. पोट नीट रिकामं राहावं म्हणून रात्रीचं जेवणही सोडलं. झिपऱ्या गुटगुटीत झाला, तुळाजीची काडी झाली आणि जखमा होत्या तिथंच राहिल्या.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, कुत्र्याचं पोट रिकामं हवं. तुमचं कशाला?"

"तसं सांगायचं ना बाई. चार घास तरी गिळले असते."

"बरं, आता नीट ऐका. ही दुसरी गोळी देते. तशी ही बुरशीची आहे."

"झिपऱ्याला बुरशी लागली?"

"नाही हो. पोटात यकृत असतं. ते गिरणीसारखं. बाटलीतलं औषध आत गेलं की दळून संपवतं. ही गोळी त्या गिरणीला मंद करते. मग थोडं औषधही जास्त टिकतं. म्हणून बुरशीची गोळी चालू असेपर्यंत ते औषध अर्धंच द्यायचं. पूर्ण दिलंत तर जिवावर बेतेल."

"आणि गोळी कशी द्यायची?"

"जेवणाबरोबर. भाकरीत कुस्करून."

तुळाजी वाटभर घोकत आला. गोळी भाकरीत, गिरणी मंद, औषध अर्धं. गावात शिरला तर धोंडिबाची गिरणी धडधडत होती. ही अशी चालली तर औषध टिकणार कसं? त्यानं भाकरीत गोळी कुस्करली आणि भाकरी गिरणीच्या तोंडात टाकली. गिरणीनं घरघर केली, एक उचकी दिली आणि गप्प झाली.

"जरा जास्तच मंद झाली," तुळाजी म्हणाला.

धोंडिबा गिरणीचा पट्टा घेऊन मागं लागला. तुळाजी पळत सुटला तो थेट तालुक्याला.

"बाई, गिरणी थांबली."

"कुठली?"

"धोंडिबाची."

बाई बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. "तुळाजी, गिरणी गावात नसते. गिरणी कुत्र्याच्या पोटात असते."

"नक्की?"

"नक्की."

तुळाजी खुशीत परतला. बंद गिरणीपुढं लोक दळण घेऊन ताटकळत होते. "चिंता सोडा," तो म्हणाला, "गिरणी सापडली." आणि त्यानं ज्वारीचं अख्खं पोतं झिपऱ्यापुढं ओतलं.

"दळ," तो म्हणाला.

झिपऱ्यानं ज्वारी हुंगली आणि तो शिंकला.

सगुणा हसून हसून खाली बसली. मग तिनं डोळे पुसले, तुळाजीच्या हातून बाटली घेतली, गोळ्या घेतल्या आणि म्हणाली, "आता तू कशाला हात लावू नकोस." सकाळी उपाशीपोटी अर्धं औषध, मग भाकरीतून गोळी. मधूनमधून बाईंकडे नेऊन रक्तही तपासून आणायची. जखमा हळूहळू सुकल्या. एक दिवस झिपऱ्या धोंडिबाच्या दारात ऐसपैस बसला. धोंडिबा शब्दाचा पक्का. त्यानं लग्नाची तारीख काढली.

पण तुळाजीच्या कमरेला नेमकं तेव्हाच गजकर्ण उठलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

"कसल्या आहेत?" तुळाजीनं विचारलं.

"बुरशीच्या. महिनाभर घ्या."

तुळाजीला घाम फुटला. बुरशीची गोळी चालू असेपर्यंत सगळं अर्धंच, नाहीतर जिवावर बेतणार. त्या दिवसापासून तो अर्धी भाकरी खायला लागला. अंघोळ कमरेपर्यंत करायला लागला. लग्नाच्या दिवशी अर्धी मिशी काढून मांडवात आला. धोंडिबानं दात खाल्ले, पण पाहुण्यांपुढं बोलणार काय?

अंतरपाट सरला. अक्षता पडल्या. सप्तपदीची वेळ आली. गुरुजी म्हणाले, "दोघांनी सात पावलं चालायची." तुळाजी तीन पावलं चालला, चौथं अर्धं उचललं आणि तसाच उभा राहिला.

"पाऊल टेका, जावईबापू," गुरुजी म्हणाले.

"नको गुरुजी. बुरशीची गोळी चालू आहे. सातही चाललो तर जिवावर बेतेल."

धोंडिबानं डोकं धरलं. सगुणानं विचारलं, "आणि मी काय करू?"

"तू चाल की. तुझ्या पोटात कुठं गोळी आहे?"

सगुणा बिचारी लग्न मोडू नये म्हणून एकटीच सातही पावलं चालली. तुळाजीनं ती नीट मोजली, मग पाय खाली घेतला आणि धोंडिबापुढं हात जोडले.

"मामा, सगुणाचं लग्न पूर्ण झालं, बरं वाटलं. माझं मात्र अर्धंच राहिलं. तेव्हा तिचा नवरा येईपर्यंत तिला तुमच्याकडेच राहू द्या."

आणि अंगावरच्या अक्षता झटकून तो घरी निघून गेला.