मोराची उघडी कूस

नांदवेढ्याच्या हौदावर तांब्याचा मोर आहे. त्याची एक कूस उघडी आहे. आतलं पाण्याचं भांडं, पोकळ गोळा, दांडी, सगळं बाहेरून दिसतं. मोडलेला नाही तो. येणारे लोक उगाच हळहळतात, म्हणून आधीच सांगते.

पूर्वी इथला किल्लेदार होता मर्जानखान. त्याच्याकडे म्हणे अरबांच्या मुलखातून एक पोथी आली, आपोआप चालणाऱ्या यंत्रांच्या रंगीत चित्रांची. हात धुवायला चोचीतून पाणी सोडणारा मोर खानाच्या मनात भरला. तो घडवायला घेतला रेवू तांबटिणीनं. तिचा नवरा वारलेला, आणि बाईच्या हाती भट्टी नको म्हणून भाऊबंद टपलेले. खान म्हणाला, मोर जमला तर भट्टी तुझी, नाही तर त्यांची.

आतली रचना कळावी म्हणून पोथीतल्या चिताऱ्यानं मोराची एक कूस उघडी रंगवली होती. रेवूनं मोर तसाच घडवला, उघडा. चुकली, असं गावातले पुरुष सांगतात. सांगोत बापडे.

मेजवानीच्या दिवशी खान भडकला. "सगळी जादू चव्हाट्यावर मांडलीस."

"चित्रात आहे तसा केला, सरकार. झाकायचं होतं तर रंगवलं कशाला?"

"वहिनी, उद्या भाता आमच्याकडे आणून टाका," दीर हसत म्हणाला.

मोर पाणी सोडत होता, पण एकही पाहुणा हात पुढं करेना. तांब्याचा पक्षी आपणहून चोच उघडतो म्हणजे आत जिन असणार, ही धास्ती. तेव्हा खानाची आई, मोठ्या बीबी, उठल्या. कुशीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिल्या. भांडं भरलं की गोळा वर चढे, दांडी उचले, चोच उघडे.

"अरे, हा तर पोहायला शिकताना पाठीला बांधतात त्या भोपळ्यासारखा तरंगतोय," त्या म्हणाल्या, आणि चोचीखाली हात धरले. मग पाहुण्यांची रीघ लागली.

बीबींनी तिथंच निवाडा दिला, असं सांगतात. "भट्टी हिचीच. पण ह्यापुढं ह्या गावात काही नवं चालायला लागलं, तर आधी त्याचं पोट आम्हाला दाखवायचं."

खान गेला, बीबी गेल्या, किल्ल्याचे दगड लोकांनी घरांना वापरले. पण आजही गावात नवं यंत्र आलं की झाकण काढून सगळ्यांना दाखवल्याशिवाय ते सुरू होत नाही. परवा आमच्या पिठाच्या गिरणीला नवी मोटर आली. कंपनीचा माणूस म्हणाला, "मावशी, उघडली तर वॉरंटी जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं. "पाना काढ."