दोराचा आतला पेड

फार फार मागची गोष्ट आहे. नद्यांना अजून नावे पडली नव्हती आणि माणसांना जनावरांचे बोलणे कळत असे, तेव्हाची.

एका खोल दरीच्या काठावर एक गाव होते. दरीतून नदी वाहत होती. पलीकडच्या काठावर गावाची देवी होती, आणि तिच्याकडे जायला होता दोरांचा एक लोंबता साकव. पायाखाली मांडीएवढा जाड तिपेडी दोर आणि हाताला धरायला दोन बाजूंना दोन दोर. पावसाळा दरवर्षी तो कुजवून टाकी. हिवाळ्यात गाव तो नव्याने बांधी.

दोर वळण्याचे काम एकाच घराकडे होते. त्या घरातल्या म्हाताऱ्याची नजर गेली, हात कापू लागले, तेव्हा काम त्याच्या लेकीवर आले; थोरला लेक शेतीत गुंतलेला होता. पोर विशीच्या आतली, हाताने चपळ, अंगाने काडीसारखी.

त्या गावाची एक रीत होती. ज्याने दोर वळला, त्याने साकवावरून पहिले जायचे आणि पलीकडून हाक द्यायची, "साकव पेलतो!" हाक आली की त्या वर्षी बाळंत झालेल्या साऱ्या आया, बाळे पोटाशी बांधून, एकदम साकवावर चढत. देवीपुढे कोणी पुढे, कोणी मागे असे नको, म्हणून. त्या वर्षी आया अकरा होत्या. गावाला ही रीत फार न्यायाची वाटे. एकटी पोर पेलली म्हणून अकराजणी पेलतील का, हे मात्र कोणी कधी विचारले नव्हते.

दोर अंबाडीचा असे. अंबाडीच्या मोळ्या साकवाखालच्या डोहात बारा दिवस भिजत घालायच्या. रोज जाऊन साल सुटते का ते बघायचे. बाराव्या दिवशी मोळ्या काढल्या की सालीचा धागा म्हणजे वाख निघतो, तो लोखंडासारखा. जास्त दिवस राहिल्या की तोच वाख कुजून पिठासारखा होतो.

सातव्या दिवशी पोर डोहावर गेली, तेव्हा काठावर एक पारडू पाणी पीत होते. पाणी एकदा हलले. मग पारडू तिथे नव्हते. पाण्यावर दोन डोळे तेवढे होते, आणि ते तिच्याकडे बघत होते.

त्यानंतर ती रोज घरून निघे, वाटेच्या वळणापर्यंत जाई आणि तिथेच बसून राही. पाय पुढे उचलतच नसत. परत येताना ओढ्यात पाय भिजवून घेई.

"आलीस का बघून?" बाप विचारी.

"आले, बा. अजून दोन दिवस लागतील."

"डोहाचं पाणी गार आहे यंदा. लागतील, लागतील," बाप म्हणे. आणि तिला वाटे, त्यापेक्षा मला मारले असते तर बरे.

अठराव्या दिवशी काठावर गुराखी दिसले, तेव्हा धावत जाऊन तिने मोळ्या ओढून काढल्या. वरच्या मोळ्या चांगल्या होत्या. खालच्या बोटात घेताच विरघळत होत्या. दुसरी अंबाडी शिवारात उरली नव्हती. साकवाचा दिवस ठरला होता. सांगावे तर सगळे गाव विचारणार, दहा दिवस काय करत होतीस?

तिने सांगितले नाही. चांगल्या वाखाचे दोन पातळ पेड केले. कुजक्या वाखाचा एक जाड पेड केला आणि वळताना तो आत दाबला. वरून दोर सोन्यासारखा दिसत होता. बापाने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "माझ्यापेक्षा चांगला वळलास गं."

त्या दिवसापासून तिला घास गिळेना. चूक झाली, तेव्हा भीती फक्त डोहावर होती. आता ती तिच्या उशाशी होती, ताटाशी होती, बापाच्या शब्दाशब्दात होती.

साकवाचा दिवस उजाडला. ढोल वाजू लागले. अकरा आया हिरवी लुगडी नेसून रांगेत उभ्या राहिल्या. सर्वांत पुढे तिची वहिनी होती, पोटाशी दीड महिन्याची छकुली.

"वन्सं, जरा बेतानं चाला," वहिनी हसून म्हणाली. "आणि पलीकडं जाऊन हाक मोठ्यानं द्या. गेल्या वर्षी मामंजींची हाक ऐकूच आली नव्हती, गावच्या कारभाऱ्यांना वाटलं म्हातारा गेला खाली!"

"मी कुठला जातोय!" बाप म्हणाला, आणि सगळे हसले. पोरही हसली.

ती साकवावर चढली. मध्यावर आली तेव्हा पायाखालून एक बारीक आवाज आला. वाळकी काडी मोडावी तसा. काठावर कोणालाच तो ऐकू गेला नाही.

खाली मात्र पाणी हलले. मगर वर आली होती.

"घाबरू नकोस," मगर म्हणाली. आवाज गोड होता, अगदी घरातल्या माणसासारखा. "तुझं वजन ते केवढं? तुला पेलेल."

पोरीने काठावरच्या आयांकडे बघितले. "आणि त्यांना?"

"कोण जाणे! पेलेलही. नाही पेललं तर वारा होता म्हण. दोर जुनाट अंबाडीचा होता म्हण. आत कोण बघणार आहे? मोळ्या माझ्या डोहात कुजल्या. ते फक्त तुला नि मला ठाऊक. मी कुणाला सांगणार नाही बाई."

पोर कशीबशी पलीकडे पोचली. पायाखाली जमीन लागली. ती वाचली होती. आता तोंडातून दोन शब्द काढायचे, की सारे संपले. किंवा ते काढायचे नाहीत, आणि सारे संपले.

ढोल थांबले. गाव हाकेची वाट बघू लागले.

"येऊ नका!" ती ओरडली.

काठावर कुजबुज झाली. कारभारी पुढे आला. गावाचा कारभार त्याच्या हाती होता, आणि त्याचा सगळा जीव मुहूर्तात होता.

"काय झालं गं?"

"साकव पेलत नाही!"

"पेलत नाही? मग तू काय उडून गेलीस?"

लोक हसले. पोरीने डोळे मिटले आणि जे इतके दिवस छातीत कोंडले होते ते ओरडून सांगितले. "मला मगरीची भीती वाटली! दहा दिवस मी डोहावर गेलेच नाही. खोटं सांगितलं. वाख कुजला. तो मी आतल्या पेडात घातलाय!"

"भेदरलीय पोरगी," कारभारी आयांना म्हणाला. "पहिल्यांदा गेली ना, डोळे फिरले असतील. दोर सगळ्या गावानं बघितलाय. चला, मुहूर्त टळतोय. सोन्यासारखा दोर आहे."

वहिनीने एकदा पलीकडे बघितले, एकदा कारभाऱ्याकडे. मागच्या दहाजणी तिला रेटत होत्या. तिने छकुलीवरचा पदर घट्ट केला आणि पाऊल उचलले.

पोरीच्या कमरेला सुटे धागे छाटायची कोयती होती. हा तिच्या हातचा पहिला दोर. तो तोडला की परतीची वाट नाही, आणि या काठाच्या रानात रात्री काय फिरते ते तिला ठाऊक होते. भीती गेली नव्हती. तरी तिने पायदोरावर घाव घातला.

एक. दोन. तीन.

दोर तुटला. सळसळत दरीत गेला आणि पाण्यावर आपटला. वहिनीचे पाऊल हवेतल्या हवेत मागे आले.

काठावर एकच कल्लोळ झाला. "वेडी झाली! देवीचा साकव तोडला!" कारभाऱ्याने पागोटे जमिनीवर आपटले. "असली अवलाद..."

"गप्प बसा!" म्हातारा बाप ओरडला. त्याला दिसत काहीच नव्हते, पण त्याचे कान दरीकडे लागले होते. "घाव किती पडले? मोजले का कुणी?"



"तीन," बापच म्हणाला. "मी मोजले. माझा जुना दोर तोडून काढायलाही चाळीस घाव लागायचे, आणि तेही जवान गड्याचे. माझ्या पोरीच्या हातून तीन घावात तुटला." तो कारभाऱ्याच्या दिशेने वळला. "कारभारी, अकराजणी काय, यावर तीन बाया पेलल्या नसत्या. पोर खरं बोलतेय."

वहिनी मटकन खाली बसली. तिने छकुलीला इतके आवळले की ती रडू लागली.

पोर एकवीस दिवस पलीकडच्या काठावर एकटी राहिली. रोज दुपारी वहिनी भाकरीचे गाठोडे गोफणीने भिरकावी, आणि बरोबर दोन शिव्याही. गावाने डोंगरावरच्या घायपाताचा वाख काढला. डोहावर या वेळी चौघेजण काठ्या घेऊन गेले, कारण भीती वाटते हे आता कोणीही उघड म्हणू शकत होते. नवा साकव बांधून पोरीला परत आणले, पण वर्षभर तिला दोराला हात लावू दिला नाही. तिने नुसता वाख धुतला. तिनेही ते मुकाट्याने मान्य केले.

तेव्हापासून त्या गावात "साकव पेलतो" ही हाक उरली नाही. आता दोर बांधायच्या आधीच सगळे गाव जमते, आणि दोर वळणाऱ्याला एकच प्रश्न विचारते, "कुठं कच्चा आहे?" जो खरे सांगतो त्याला कोणी हसत नाही. तो पेड उसवतात आणि सारे मिळून पुन्हा वळतात.

तात्पर्य: भीतीने झालेली चूक सांगितली की सुधारता येते, भीतीने लपवलेली चूक दुसऱ्याच्या पायाखाली तुटते.