दाटीची गाठ

एका गावात हरबा नावाचा एक भोळा बाप राहायचा. मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. सांगितलेलं विसरू नये म्हणून तो उपरण्याला गाठ मारायचा.

एकदा त्याच्या लेकीचा, ठकीचा, हात उकळत्या आमटीने भाजला. जखम काही भरेना. प्रयोगशाळेतल्या अरुंधतीबाईंनी ठकीचीच टिकलीएवढी कातडी घेतली, काचेच्या ताटलीत वाढवायला ठेवली. ती वाढेना. मग बाईंनी ताटलीतल्या पाण्यात कसलीशी पूड टाकली.

"अहो हरबा, कातडीचे कण बारीक धागे काढतात. पातळ पाण्यात ते वाहून जातात. या पुडीने दाटी झाली की जागेवर राहतात, मग कातडी विणली जाते."

"कळलं बाई. दाटी पाहिजे." मारली गाठ.

सकाळी बघतात तर ताटली ठेवलेल्या उबेच्या कपाटाचं दार लागेना. हरबाने आत शंभर रिकाम्या ताटल्या कोंबलेल्या!

"अहो, दाटी पाण्यात! कपाटात हवा खेळू द्या."

"कळलं बाई." मारली गाठ.

दुपारी हरबा झाकणं काढून ताटल्यांना सुपाने वारा घालत होता. ठकीच्या ताटलीला हात लावणार, तोच बाई ओरडल्या, "थांबा! स्पिरिट लावल्याशिवाय इथे कुणी यायचं नाही!"

"कळलं बाई." मारली गाठ.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. हरबाने त्यांना दारातच धरलं आणि टकलापासून बुटापर्यंत स्पिरिटने पुसून काढलं.

शेवटी कातडी तयार झाली. डॉक्टरांनी ती ठकीच्या हातावर बसवली.

"आता ती धरली पाहिजे, हाताशी एकजीव झाली पाहिजे," बाई म्हणाल्या.

"आणि नाही धरली तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून."

हरबाचं तोंड एवढंसं झालं. लेकीच्या उशाशी बसून तो एकेक गाठ चाचपत राहिला.

सकाळी बाईंना खोलीत पाय ठेवायला जागा मिळेना. आत सगळा गाव! सरपंच, न्हावी, भजनी मंडळ, कडेवरची पोरं. सगळ्यांच्या अंगाला स्पिरिटचा वास. चार जणी सुपाने वारा घालतायत. मधोमध खाटेवर ठकी.

"अहो हरबा, हे काय?"

"दाटी, बाई! हवा पण खेळतेय."

"बाई, बाबांना सांगा ना," ठकी रडवेली झाली. "हाताला खाज सुटलीय, आणि हात हलवायला जागाच नाही."

बाईंनी माणसं बाजूला सारत हात पाहिला आणि त्यांना हसूच फुटलं. "खाज सुटली? अगं, म्हणजे धरतेय कातडी!"

हरबा टुणकन उडाला, खिडकीतून ओरडला, "अरे, गुण आला! पळा, खालच्या वाडीलाही घेऊन या!"