हैबतीची घुंगुरकाठी

करपेवाडी नावाच्या एका गावात एक भोळा हैबती होता. भोळा म्हणजे किती? त्याची बायको सगुणा एकदा म्हणाली, "वाळवणावर नजर ठिवा." शेळी आली आणि सगळ्या कुरडया खाऊन गेली. हैबतीनं नजर एकदाही काढली नाही. शेळीनं कोणती कुरडई आधी खाल्ली, कोणती मागून, सगळं त्यानं सगुणाला नीट सांगितलं.

तेव्हापासून गावानं त्याला काम सांगायचं सोडलं.

करपेवाडीच्या डोक्यावर डोंगर. डोंगरावर पठार, पठारावर देवीचं देऊळ आणि देवळामागे छोटासा धनगरवाडा. भाताची लावणी उरकून पावसानं जरा उघडीप दिली, की गावातली पोरं गूळखोबरं घेऊन देवीला जायची. त्यांना नेणाऱ्याच्या हातात घुंगरं बांधलेली काठी असायची. ती काठी वर्षानुवर्षं गावातल्या सगळ्यांत थोरल्या गोमाजीबाबांची. हैबतीला तिची लहानपणापासून हौस, पण त्याला देतंय कोण?

यंदा बाबांचा गुडघा सुजला. बाकीचे बाप्ये बैलबाजाराला गेलेले. सगुणानं पदर खोचला आणि म्हणाली, "आमचं मालक नेतील पोरं."

बाबांनी मन घट्ट करून काठी दिली. "पोरं धड आणलीस तर काठी तुझी, कायमची. घोटाळा केलास तर मुकाट परत करायची."

हैबतीला आनंदानं घाम फुटला.

"अहो," सगुणानं बजावलं, "पोरं नजरंआड होऊ द्यायची न्हाईत. आन् येताना डोंगरावर एकबी पोर मागं ठिवायचं न्हाई."

हैबतीनं उपरण्याला दोन गाठी मारल्या, म्हणजे विसरायला नको.

काठी खुळखुळली. हैबती पुढे, पोरं मागे. पण पोरं मागे म्हणजे नजरेआड! हैबती गर्रकन वळला आणि पोरांकडे तोंड करून उलटा चालू लागला. चालता चालता गेला तो थेट करवंदीच्या जाळीत. पोरांनी हात धरून त्याला ओढून काढलं. धोतराचा निम्मा भाग जाळीनं ठेवून घेतला.

लाकडं घेऊन उतरणारी एक बाई म्हणाली, "अरं बाबा, डोंगरात पायाखाली बघून चालावं!"

हैबतीनं गाठ मारली. आता तो फक्त पायाखाली बघू लागला. वाटेत एक म्हैस उभी होती. हैबतीला तिचे खूर दिसले, पण खुरांवर म्हैसही असेल हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. डोकं धाडकन तिच्या पोटावर आपटलं. म्हशीनं शेपटीनं एक ठेवून दिली. पोरं हसून हसून लोळली.

गुराखी ओरडला, "कुनी आडवं आलं तर कडंला व्हावं, त्याला आदी जाऊ द्यावं!"

हैबतीनं गाठ मारली. थोडं वर गेल्यावर वाटेत गोगलगाय आडवी आली. हैबती कडेला झाला. पोरांनाही कडेला घेतलं. "तिला आदी जाऊ दे." पोरं बसली. गोगलगाय अर्ध्या वाटेत आली आणि शंखात शिरून झोपली. पोरांनी सगळ्या दशम्या संपवल्या, तरी ती उठेना.

हैबतीची लेक हौसा कंटाळून म्हणाली, "बा, वाटंत असंल त्याला उचलून बाजूला ठिवावं, आन् पुढं जावं."

हैबतीनं गाठ मारली. पोरं देवळाशी पोचली. दारात गुरवीणआजी वाती वळत बसली होती. हैबतीनं तिला अलगद उचललं, बाहेर दीपमाळेशी ठेवलं आणि हात जोडून आत गेला.

"मुडद्या!" आजीनं दीपमाळ हलेल असा आवाज काढला. "उचलायच्या आदी इचारावं तरी!"

"चुकलं, आजी." हैबतीनं गाठ मारली. मग त्यानं नारळाला विचारलं, "उचलू का?" नारळ काही बोलेना. शेवटी हौसानंच तो फोडला.

आता उतरायचं. हैबतीनं पहिल्या गाठी चाचपल्या. डोंगरावर एकबी पोर मागं ठिवायचं न्हाई! त्यानं इकडेतिकडे पाहिलं. धनगरवाड्याच्या अंगणात पोरं लगोरी खेळत होती. मोठी माणसं मेंढरांमागे गेलेली.

"चला रं खाली," हैबती म्हणाला.

"आमी हितंच ऱ्हातो."

"त्येच तर चुकतंय!"

खाली गाव बघायला मिळतंय म्हटल्यावर पोरांना तेवढंच हवं होतं. झोळीत एक तान्हं होतं. हैबतीनं त्याला रीतसर विचारलं, "उचलू का?" ते हसलं. म्हणजे हो.

खाली आया वाट बघत होत्या. सगळी पोरं आली. एकालाही खरचटलं नव्हतं. बाबांचे डोळे भरून आले. मग पोरं येतच राहिली, आणि शेवटी खांद्यावर तान्हं घेऊन हैबती आला. तेवढ्यात वर कड्यावरून एका म्हातारीची हाक आली, "आमची पोरं कुठं हायती गं?"

सगुणानं कपाळावर हात मारला. बाबांनी काठीसाठी हात पुढे केला. हैबतीचा चेहरा एवढासा झाला.

"बाबा, येक डाव माफ करा," सगुणा काकुळतीला आली. "मालक ही पोरं धड वर पोचवतील, मग काठी त्यांचीच ऱ्हाऊ द्या." आणि नवऱ्याकडे वळून कडाडली, "आत्ताच्या आत्ता वर न्या. खाली एकबी पोर ऱ्हाता कामा नये!"

बाया तरातरा लांबच्या विहिरीवर पाण्याला गेल्या. बाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि ते गुडघ्याला लेप लावून झोपी गेले. हैबतीनं गाठ मारली आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली.

बाया पाणी घेऊन परतल्या तर गाव चिडीचूप. ना रडणं, ना भांडण. ओसरीवर कुणी नाही, चिंचेखाली कुणी नाही. बाबांचा पणतू पाळण्यात झोपलेला असायचा. पाळणाही रिकामा.

इतक्यात वरून घुंगरं वाजली. सगळ्यांनी माना वर केल्या. कड्यावर पोरांची ही लांब रांग, आणि मधोमध दोन खांद्यांवर दोन तान्ही घेऊन हैबती.

"अहोऽऽ," सगुणा जीव खाऊन ओरडली, "आमची पोरं कुठं हायतीऽऽ?"

"काळजी करू नगंऽऽ," वरून उत्तर आलं, "खाली एकबी ठिवलं न्हाईऽऽ!"

आणि आता कायमची आपलीच झालेली काठी हैबतीनं मोठ्या खुशीत खुळखुळवली.