लंगडणारी कोकरं

फार जुनी गोष्ट. यहूदियाच्या टेकड्यांवर एका मेंढपाळाचा कळप चरायचा. कळपाचा राजा होता गेरा नावाचा एडका. संध्याकाळी मेंढपाळाने हाक मारली, की राजाने सगळ्यांना मेंढपाळाच्या झऱ्यावर न्यायचं, ही वाडवडिलांपासूनची रीत.

पण गेराला माळावरचं टाकं आवडू लागलं. त्यातल्या संथ पाण्यात त्याला आपली शिंगं दिसत. "तुम्ही व्हा झऱ्यावर पुढे, मी आलोच," म्हणून तो तिकडेच जाई. एकदा वाटेत घसरून त्याचा पुढचा पाय दुखावला, तरी गडी लंगडत जाईच. हळूहळू सगळा कळप त्याच्यामागे टाक्यावर जाऊ लागला.

उन्हाळ्यात टाकं आटलं. तहानेली कोकरं चिखल चाटू लागली. "झऱ्यावर जा! राजाची आज्ञा आहे!" गेरा ओरडला. एकही हललं नाही.

म्हातारी मेंढी मिल्का म्हणाली, "राजा, त्यांची चाल बघ जरा."

सगळी कोकरं लंगडत होती.

"अगं, यांना काय लागलं?"

"लागलंय कुठे, बाळा? राजा असाच चालतो ना!"

गेराची मान खाली गेली. तो झऱ्याकडे चालू लागला. मागून पावलं वाजत राहिली.

झऱ्यावर मेंढपाळ वाट पाहत होता. त्याने गेराला पोटभर पाणी पिऊ दिलं, मग त्याचा पाय धुऊन पट्टी बांधली. मेंढपाळ उठून बघतो तर काय, मागे कोकरांची रांग लागलेली, आणि प्रत्येकाने आपला धडधाकट पाय पुढे केलेला.