शेजारच्या बेटाची फळी

दोन चिमुकली बेटं, धंदा एकच, शिसवी लाकूड परदेशी धाडायचं. यंदा शेजाऱ्यांची सात गलबतं गेली, आपली चारच. राजेसाहेबांना जेवण गोड लागेना. "झऱ्यावरचं शेवटचं रानही तोडा," हुकूम सुटला.

म्हातारा गोमा सुतार हादरला. रान गेलं की झरा आटणार, मग गाव पिणार काय? शेजाऱ्यांचं गलबत पाणी भरायला आपल्या बंदरात थांबलं होतं. त्यावरची एक फळी मागून त्यानं दरबारात ठेवली. फळीला बिजागरीची भोकं होती, वर कुंकवाची पाच बोटं.

"महाराज, त्यांचं रान संपलं, झरे आटले. आता घरांची दारं विकतायत. बरोबरी करायचीच तर करवत आणलीय. राजवाड्याच्या दारापासून लागू का?"

राजेसाहेबांनी हुकूम गिळला. रान वाचलं. गोमानं फळी शेजारच्या बेटावर परत नेली, पण ती लावायला तिथं दाराची चौकटही उरली नव्हती.