अकरा दिवसांची मुदत

"किती वेळा?"

"दोनदा, सर."

"आणि मुदत?"

"अकरा दिवस राहिलेत."

मुजावर सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला.

समोर बसलेला अभिनंदन मगदूम चव्वेचाळीस वर्षांचा होता. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत नेटवर्कचा प्रमुख. हाताखाली साठ माणसं. नेटवर्किंगमधली सगळ्यात वरची परीक्षा तो पंधरा वर्षांपूर्वी पास झाला होता. त्या सर्टिफिकेटवर एक नंबर असतो. त्याचा नंबर ऑफिसात नव्या पोरांनाही पाठ होता. दर तीन वर्षांनी परीक्षा देऊन सर्टिफिकेट नवं करून घ्यावं लागतं. नाही केलं तर नंबर जातो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

याआधी चारदा त्याने ते नवं केलं होतं, प्रत्येक वेळी पहिल्या फटक्यात. या खेपेला दोनदा नापास. ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. आईला बरं नाही, असं सांगून तो मिरजेला आला होता. आई ठणठणीत होती.

"मला त्यातलं आता काय येतंय?" सर म्हणाले. "माझं स्वतःचं सर्टिफिकेट संपून सोळा वर्षं झाली."

"माहीत आहे, सर."

"मग माझ्याकडं का आलास?"

अभिनंदन अंगणातल्या लिंबाकडे बघत राहिला...

चोवीस वर्षांपूर्वी सरांचा क्लास सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत होता. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या होत्या. चार कॉम्प्युटर, त्यातल्या एकाला झाकण नाही. चपला बाहेर काढायच्या. खाली दिवसभर कोणी ना कोणी तारा जुळवत बसलेलं असे. सर शिकवता शिकवता मध्येच थांबत.

"थांबा जरा. त्याची तार लागू दे."

सगळे थांबत. खालचा सूर एकदाचा जागेवर येई, सर मान हलवत आणि खडू परत फळ्याला टेकवत.

केबलच्या आत आठ रंगांच्या तारा असतात. त्यांचा क्रम सर पाढ्यासारखा म्हणून घेत. अभिनंदनला तो अजून झोपेत विचारला तरी आला असता.

पहिल्या परीक्षेला दोघे एकाच एसटीने पुण्याला गेले होते. अभिनंदन वीस वर्षांचा, सर एकोणपन्नासचे. "मी तुम्हाला शिकवतोय ते खरं की खोटं, ते मला तरी कसं कळायचं?" असं म्हणून सरांनीही फॉर्म भरला होता. अभिनंदन पास झाला. सर नापास, ते पुढच्या खेपेला पास झाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी आधी अभिनंदनला वर्गासमोर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मग फळ्यावर तीन ओळी लिहिल्या.

"हे तीन मुद्दे मी तुम्हाला चुकीचे शिकवले. काल कळलं. आज परत शिकू."

पोरं वह्या उघडायला लागली. अभिनंदनने उघडली नाही. त्याला सरांची थोडी लाज वाटली होती. हे त्याने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही.

"सांग," सर म्हणाले. आता ओटीवर त्यांच्या मांडीवर दोनशे पानी वही उघडलेली होती.

"काय सांगू?"

"जे येत नाही म्हणून नापास झालास ते."

"येतं मला, सर. परीक्षा बदललीय. आधी चार पर्यायांतून एक निवडायचा असायचा. आता समोर अख्खं नेटवर्क मांडून ठेवतात. बिघडलेलं. ते चालवून दाखवायचं."

"बरं. मग जे येतं ते सांग. मी लिहून घेतो."

अभिनंदन सांगायला लागला. त्याला सांगायची सवय होती. मोठ्या सभागृहांत, पडद्यावर चित्रं दाखवत त्याने हे कितीदा तरी सांगितलं होतं. पूर्वी प्रत्येक राउटर आपल्या शेजाऱ्याला विचारून रस्ता ठरवायचा. आता वर एक कंट्रोलर असतो, तो सगळ्यांना रस्ते सांगतो, खालच्यांनी फक्त माल पुढे ढकलायचा. पंधरा मिनिटं तो न थांबता बोलला.

सरांनी पेन उचललंच नव्हतं.

"समजलं नाही."

त्याने परत सांगितलं. हळू.

"समजलं नाही, मगदूम."

तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज थोडा चढला. सर शांतपणे ऐकत राहिले.

"एवढंच सांग," ते म्हणाले. "त्या वरच्याशीच संपर्क तुटला तर?"

"तर दुसरा कंट्रोलर असतो."

"तोही तुटला."

"असं सहसा होत नाही, सर."

"झालं समज. मग खालच्यांना कुठं जायचं ते कोण सांगतं?"

हा प्रश्न अभिनंदनने पाहिलेला होता. त्याचं उत्तर 'क' होतं. 'क' म्हणजे काय, ते त्याला आठवेना.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"सर... पहिल्या दोन वेळी मी अभ्यास केला. नंतरच्या दोन वेळी नाही केला."

"मग पास कसा झालास?"

"फुटलेले प्रश्न मिळतात. परीक्षा देऊन आलेले लोक आठवून लिहितात. उत्तरांसकट. ते पाठ केले. वेळच नव्हता, सर. सकाळपासून मीटिंगा..."

सरांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. तो दिसला असता तर बरं झालं असतं, असं अभिनंदनला वाटलं.

"उद्या ये," सर म्हणाले. "मला समजलेलं नाही."

त्या दुपारी अभिनंदन घरी माडीवर दार लावून बसला. जुनी पुस्तकं पुण्यात होती. लॅपटॉपवर त्याने एक छोटं नेटवर्क उभं केलं, वरचा कंट्रोलर स्वतःच्या हाताने तोडला आणि खाली काय होतं ते बघत बसला. दहा वर्षांत त्याने काही नुसतं बघितलं नव्हतं. आई चहा ठेवून गेली, तो गार झाला.

दुसऱ्या दिवशी तो सरांकडे गेला तेव्हा ओटीवर बसायच्या आधीच बोलायला लागला.

"सर, ते थांबत नाहीत. शेवटचं जे सांगितलेलं असतं, ते त्यांच्याकडं लिहिलेलं असतं. त्यावर चालत राहतात."

"किती वेळ?"

"नेमून दिलेला असतो. बारा तास वगैरे. कमीजास्त करता येतो."

"आणि तेवढ्यात वरून काही आलंच नाही तर?"

"मग... विसरतात."

सरांनी पहिल्यांदा पेन उचललं. दोन ओळी लिहिल्या. अक्षर तेच होतं, फळ्यावरचं.

"आता समजलं," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सरांनी वही उघडली, त्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे परत सांग. समजत नाहीये."

अभिनंदनने परत सांगितलं. या वेळी वाक्यं कमी लागली. मग ते पुढच्या मुद्द्यावर गेले. चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या दिवशी सरांनी असं काही विचारलं की त्याला धावत घरी जाऊन करून बघावं लागलं.

सहाव्या दिवशी निघताना त्याने फाटकापाशी सरांच्या मुलीला, रुकय्याला, गाठलं. ती मिरजेतल्याच एका शाळेत गणित शिकवायची. क्लासच्या दिवसांत ती दोन वेण्या घालून माडीच्या जिन्यात बसलेली असे.

"ताई, एक विचारू? सरांना विसरायला होतं का?"

तिने सायकलचं कुलूप काढलं. मग म्हणाली, "डॉक्टरांना विचारलं तर होतं म्हणतात. अब्बांना विचारलं तर नाही म्हणतात."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला एवढंच दिसतं की तुम्ही यायच्या वेळेला ते अर्धा तास आधी ओटीवर येऊन बसतात. माडी सोडल्यापासून असे कधी बसले नव्हते."

अभिनंदन रस्त्यात उभा राहिला. सतारींच्या गल्लीतून जावं असं त्याच्या मनात आलं आणि तो गेला. माडीवर आता कोणाचं तरी गोदाम होतं, खिडकीला पत्रा मारलेला. खाली मात्र एक म्हातारा भोपळ्यावर कान टेकवून तार छेडत होता. ती लागेपर्यंत अभिनंदन थांबला.

परीक्षा दहाव्या दिवशी पुण्यात होती. आदल्या दिवशी सकाळी तो सरांना सांगायला गेला.

"सर, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या वेळी तुम्ही नापास झालात, आणि फळ्यावर लिहिलंत ना, तेव्हा मला..."

"हं?"

"मला तुमची लाज वाटली होती."

सर थोडा वेळ आठवत राहिले. खरंच आठवत होते की काय, ते कळलं नाही.

"तू वही उघडली नव्हतीस," ते म्हणाले. "ते तीन मुद्दे तुझे राहिले असतील."

"राहिलेत, सर."

"बस मग."

आणि त्या सकाळी त्यांनी चोवीस वर्षांपूर्वीचे ते तीन मुद्दे केले. त्यांतले दोन आता जगात कोणी वापरत नव्हतं.

अभिनंदन पास झाला. काठावर. पडद्यावर मांडलेल्या नेटवर्कात एक बिघाड असा होता की तो त्याने कुठेच वाचलेला नव्हता. तो बराच वेळ नुसता बघत बसला, आणि मग त्याला सापडला. बाहेर आल्यावर त्याने ऑफिसला फोन केला नाही. सरळ मिरजेची एसटी धरली. चोवीस वर्षांनी पुन्हा एसटी.

सर ओटीवर होते. अभिनंदनने वाकून नमस्कार केला आणि कागद त्यांच्या हातात दिला.

सरांनी तो लांब धरून वाचला. नाव वाचलं, नंबर वाचला. खालच्या बारीक ओळीवर अंगठा ठेवला.

"ही तारीख कसली?"

"मुदत, सर. तीन वर्षं. तोवर काळजी नाही."

सरांनी कागदाची नीट घडी घातली, त्याला परत दिली आणि मांडीवरची वही उघडली.

"तुझं तीन वर्षांनी संपतं होय?" ते म्हणाले. "माझं रोज सकाळी संपतं."